गुन्ह्यांच्या दरातील वार्षिक बदल (अमेरिका)

अमेरिकेत पोलिसांकडे नोंदल्या गेलेल्या हिंसक आणि मालमत्तेविषयक गुन्ह्यांचे लाख लोकसंख्येमागील प्रमाण आधीच्या वर्षापेक्षा किती वाढले किंवा घटले, हे सांगणारी आकडेवारी. एफबीआय ही संघीय तपास यंत्रणा १९३० पासून ती संकलित करते. हिंसक गुन्ह्यांत खून, बलात्कार, जबरी चोरी व गंभीर हल्ला, तर मालमत्तेच्या गुन्ह्यांत घरफोडी, साधी चोरी, वाहनचोरी व जाळपोळ मोडते.

हिंसक गुन्ह्यांचा दर १९९१ मध्ये लाखामागे सुमारे ७५८ वर गेला होता. त्यानंतर तो बरीच वर्षे उतरत राहिला. दोन्ही गटांची चाल एकच असते असे मात्र नाही. २०२० मध्ये खून जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढले. त्याच वर्षी घरफोड्या आणि साध्या चोऱ्या घटल्या (महासाथीमुळे माणसे घरातच होती, हे एक उघड कारण), वाहनचोऱ्या मात्र वाढल्या.

आकडा हलला म्हणजे गुन्हेगारी हलली, असे धरून चालणे धोक्याचे आहे. कित्येकदा मोजण्याची रीतच बदललेली असते. जुन्या पद्धतीत एका घटनेतला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा मोजत: चोराने घर फोडून ऐवज लुटला आणि घरमालकाला ठार मारले, तर नोंद एकट्या खुनाची होई, घरफोडी हिशेबातून गळे. नव्या पद्धतीत एका घटनेतले दहापर्यंत गुन्हे नोंदवता येतात. २०२१ मध्ये एफबीआयने पूर्णपणे हीच पद्धत स्वीकारली, पण न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिससारख्या मोठ्या शहरांच्या पोलिसांची त्या वर्षाची माहिती तिच्यात आलीच नाही. बलात्काराची व्याख्याही २०१३ पासून व्यापक झाली, त्यामुळे त्याआधीच्या आकड्यांशी थेट तुलना जमत नाही.

शिवाय पुष्कळ पीडित पोलिसांपर्यंत जातच नाहीत. हे न नोंदलेले गुन्हे अजमावण्यासाठी १९७३ पासून घरोघरी विचारपूस करणारे स्वतंत्र राष्ट्रीय सर्वेक्षण होते. त्याचा कल आणि पोलिसांच्या आकड्यांचा कल कधीकधी परस्परविरुद्ध दिसतो. त्यातल्या त्यात भरवशाचे आकडे खून आणि वाहनचोरीचे. खून दडपणे अवघड असते, आणि विम्याची भरपाई हवी असल्याने गाडीचा मालक सहसा तक्रार करतोच. छोट्या गावांत मात्र खुनाची टक्केवारीही फसवी ठरते: एका वर्षी एक आणि पुढच्या वर्षी दोन खून झाले, की वाढ शंभर टक्के. अशा ठिकाणी अनेक वर्षांची सरासरी पाहतात.