खरूज की गजकर्ण? खाजेवरून फसू नका

माझा भाचा हॉस्टेलवरून दिवाळीला घरी आला तेव्हा रात्र रात्र खाजवत बसायचा. सगळ्यांनी ठरवून टाकलं की गजकर्ण आहे, मेडिकलमधून एक ट्यूब आणली, चार दिवस बरं वाटलं, तो परत गेला. आणि महिन्याभराने ताईला सुरू झालं, मग आजीला. गजकर्ण नव्हतंच ते, खरूज होती.

दोन्ही खाजतात, दोन्ही एकाचं दुसऱ्याला होतात, म्हणून लोक गल्लत करतात. पण गजकर्ण (कोणी नायटा म्हणतं, कोणी दाद) ही बुरशी आहे. आणि खरूज म्हणजे चक्क एक जिवंत किडा, अर्धा मिलिमीटर पण नाही एवढा, त्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा पाडून राहते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. साध्या खरजेत अख्ख्या अंगावर असे किडे जेमतेम 10-15 असतात! एवढी खाज सुटते ती किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांची ॲलर्जी येते म्हणून. पहिल्यांदा होते तेव्हा ही ॲलर्जी यायला 4 ते 6 आठवडे जातात, त्यामुळे ज्याला अजून काहीच होत नाहीये तोही घरात खरूज पसरवत असू शकतो. ताईचं नेमकं हेच झालं.

आता ओळखायचं कसं. गजकर्णाचा चट्टा बहुतेक वेळा गोल असतो, कड लाल, उठलेली, खपल्या धरलेली आणि मधली कातडी बऱ्यापैकी साफ, आणि तो हळूहळू बाहेरच्या बाजूने वाढत जातो. जांघेत, कंबरेला जिथे कपडा घट्ट बसतो तिथे जास्त, घाम आला की खाज वाढते. खरजेत असं गोल काही दिसत नाही. बारीक बारीक पुटकुळ्या, हाताच्या बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती, कुल्ल्यांवर, पुरुषांना लिंगावर पण (लाजून डॉक्टरला हे सांगत नाहीत, सांगा प्लीज). नीट बघितलं तर कधीकधी राखाडी वेडीवाकडी रेघ दिसते, तो त्या किड्याचा बोगदा. मोठ्यांच्या तोंडावर सहसा येत नाही, तान्ह्या बाळांना मात्र तळहात, तळपाय, डोक्यावर पण येते. आणि खाज रात्री अंथरुणात पडलं की खूपच वाढते. मी तर आता कोणी विचारलं की आधी एवढंच विचारते, घरात किंवा रूमवर अजून कोणाला खाजतंय का?

घरातली मांजर गजकर्ण देऊ शकते. कुत्र्यामांजरांच्या खरजेचा किडा मात्र वेगळा, तो माणसावर टिकत नाही.

त्या मेडिकलच्या ट्यूबबद्दल मला खरंच राग आहे. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं, ते खाज आणि लाली दाबतं, पण बुरशी आतून फोफावते, गजकर्णाची कड पुसट होते आणि मग डॉक्टरलाही ओळखणं अवघड जातं. खरजेचे किडे तर त्याने मरतच नाहीत.

औषधं पूर्ण वेगळी आहेत. गजकर्णाला बुरशीवरचं औषध, तेही कित्येक आठवडे, मध्येच सोडलं की परत येतं. खरजेला बहुतेक वेळा 5 टक्के परमेथ्रिन क्रीम, मानेपासून तळपायापर्यंत सगळीकडे, नुसतं खाजतं तिथे नाही, नखांखाली पण, रात्री लावून सकाळी अंघोळ, आणि साधारण आठवड्याने परत एकदा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज असो नसो, नाहीतर एकाचं बरं होईपर्यंत दुसऱ्याकडून परत येते. बाळ किंवा गरोदर बाई असेल तर डॉक्टरांना विचारूनच. चादरी, टॉवेल, कपडे गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा, धुता येत नाही ते पिशवीत बांधून आठवडाभर ठेवा, माणसापासून लांब हा किडा दोन-तीन दिवसच जगतो.

आणि अस्वच्छ राहतात म्हणून खरूज होते असं म्हणून पोरांना बोलू नका, रोज दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही होते, किडा कातडीच्या आत असतो, साबणाने निघत नाही.

किडे मेल्यावर पण दोन ते चार आठवडे खाज राहते. आजीने घाबरून क्रीम परत परत लावलं आणि कातडी कोरडी होऊन उलट जास्तच खाजायला लागलं, शेवटी डॉक्टरांनी खाजेची गोळी दिली तेव्हा कुठे ती झोपली.