जागलीतला रेडिओ: गावात कोणतं केंद्र कसं वाजतं

नागपूर शहरात मिर्ची ९८.३, माय एफएम ९४.३ आणि विविध भारती १००.६ ही तिन्ही केंद्रं स्वच्छ लागतात. तिथे आवडनिवड ठरते निवेदकावर आणि गाण्यांवर. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या शेतात रानडुकरांना हाकलायला रात्रभर रेडिओ लावून जागलीला बसणाऱ्याचा हिशेब वेगळा. त्याच्यापर्यंत जे पोचतं तेच त्याचं आवडतं केंद्र, आणि हे आजचं नाही.

नागपूर आकाशवाणी सुरू झाली १६ जुलै १९४८ ला. तेव्हा नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं, म्हणून केंद्र मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत बोलायचं. ५८५ किलोहर्ट्झची त्याची मीडियम वेव्ह लहर जमिनीला धरून दूरवर जाते, त्यामुळे वऱ्हाडातल्या गावांनाही नागपूरचं केंद्र आपलंच वाटलं. पण बा. वि. केसकर माहिती मंत्री असताना, १९५२ नंतर, आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ बंद झाली आणि श्रोते श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनकडे वळले. सिलोन शॉर्टवेव्हवर यायचं. आवाज मध्येच फुगायचा, मध्येच विरायचा, आणि गाण्याचा अंतरा सेटला कान लावून ऐकावा लागायचा. गेलेले श्रोते परत आणायला १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती आली. १९६७ मध्ये तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूरपासून. पुढे अमरावती, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर इथे आकाशवाणीची केंद्रं झाली.

नागपूरसारख्या शहरांत खासगी एफएमला वाट मिळाली ती २००५ च्या धोरणानं. खरा फरक इथे आहे. मीडियम वेव्हवर दोन केंद्रांमध्ये जागा फक्त ९ किलोहर्ट्झ, म्हणून साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे स्वर कापलेच जातात. टाळ-झांजेची चकाकी जाते, माणसाचा आवाज आणि पेटी मात्र भरीव राहतात. एफएमवर पंधरा हजारांपर्यंतचे स्वर येतात. खासगी केंद्रं त्यावर प्रोसेसर लावतात. हळू आवाज वर उचलायचा, मोठा दाबायचा, म्हणजे सगळं एकाच जोरात वाजतं. ट्रॅक्टरवर किंवा चहाच्या टपरीवर, लहान स्पीकरला हे उपयोगीच पडतं, ते नाकारून चालणार नाही. पण रात्री शेतात, आजूबाजूला काहीच आवाज नसताना, गायकानं घेतलेली उसंत त्यात हरवते. मला ती उसंत हवी असते, म्हणून माझा काटा आकाशवाणीकडेच जातो.

एफएमची लहर सरळ रेषेत जाते. मनोऱ्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर, त्यातही खोलगट जागी, ती क्षीण होते आणि स्टिरिओत सूं असा आवाज मिसळतो. मोबाइलवर मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज, निवडलं तर सूं बरंच कमी होतं, कारण मोनोला कमी सिग्नल पुरतो. इअरफोनची वायरच तिथे अँटेना असते, ती गुंडाळून ठेवली की केंद्र जातं.

मीडियम वेव्हचं तसं नाही. सेटच्या आत अँटेना म्हणून फेराइटची कांडी असते. तिचं टोक केंद्राच्या दिशेला आलं की आवाज पडतो, केंद्राला आडवी धरली की उघडतो. जुनी माणसं सेट मचाणावर ठेवताना आधी तो हळूहळू फिरवून बघत आणि मग खाली ठेवत.