गुलाबी बोंडअळीची प्रतिकारक्षमता

एकाच गटातले कीटकनाशक पुन्हापुन्हा वापरले की त्याला न जुमानणाऱ्या मोजक्या किडी मागे उरतात, त्यांचीच वीण वाढते आणि काही हंगामांत औषध निकामी ठरते. ही कीटकनाशक प्रतिकारक्षमता होय. अमेरिकेत सान होजे खवले किडीवर गंधक-चुन्याचे द्रावण चालत नसल्याचे 1914 मध्ये कीटकशास्त्रज्ञ मेलँडर यांनी नोंदवले. ही अशी पहिली नोंद मानतात. महाराष्ट्राला या प्रश्नाची मोठी झळ बसली ती कपाशीवरील गुलाबी बोंडअळीमुळे.

भारतात बीटी कपाशीला, म्हणजे जिवाणूचे जनुक घातलेल्या कपाशीला, 2002 मध्ये परवानगी मिळाली. झाडातच तयार होणारे क्राय1एसी हे प्रथिन अळीला मारी. 2006 मध्ये क्राय2एबी या दुसऱ्या प्रथिनाची जोड मिळाली. पहिल्याला दाद न देणारी गुलाबी अळी 2010 पर्यंत गुजरातेत उघड झाली आणि पुढच्या काही वर्षांत दुसरेही निष्प्रभ झाले. 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडे फोडली की आत किडकी सरकी आणि पिवळट कवडी, म्हणजे खराब कापूस, निघू लागली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

बीटीभोवती बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावण्याचा नियम होता. या आश्रय ओळींत वाढलेले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळले तर बहुतेक संतती पुन्हा बीटीला बळी पडते. त्यासाठी 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅमची वेगळी पुडी मिळे. बहुतेकांनी ती पेरलीच नाही. दोन-चार एकरवाल्याने स्वतःच्या रानात, स्वतःच्या खर्चाने अळी पोसावी ही अपेक्षाच अवास्तव होती, त्यामुळे सारा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. शिवाय भारतात संकरित वाण विकले गेले. संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरकीत दोन्ही विषे, काहींत एकच, तर काहींत एकही नसते. सरकी पोखरत फिरणाऱ्या अळीला अशी अर्धवट मात्रा मिळाली की प्रतिकारक अळ्यांचे फावते. अमेरिकेत सरळ (बिगर-संकरित) वाण, आश्रय ओळी आणि पुढे वंध्य पतंग सोडण्याची मोहीम यांच्या जोरावर 2018 मध्ये ही कीड तिथल्या कपाशीतून हटल्याचे जाहीर झाले.

अळी बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून खरा भर तिचे जीवनचक्र तोडण्यावर हवा. ही अळी जवळपास कपाशीवरच जगते, आणि डिसेंबरनंतर ठेवलेली फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही राखलेले कपाशीचे पीक, तिला पुढच्या हंगामापर्यंत खाद्य पुरवते. फरदड न घेणे, पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) उपटून नष्ट करणे, हंगामपूर्व लागवड टाळणे हे गावाने मिळून केले तरच फळते. एका शेतात फरदड उभी राहिली तरी पतंग शेजारी जातात. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, आवारातही सरकीत सुप्त अळ्या असतात, तेथेही कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लागतात.

शेतात डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्याने न उमललेली फुले, वेचून नष्ट कराव्यात. सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आले, किंवा दहा टक्के फुले-बोंडे किडकी दिसली, तरच फवारावे. दर खेपेला औषधाचा गट बदलावा. व्यापारी नाव बदलले तरी आतला घटक तोच असू शकतो, म्हणून लेबल वाचावे. पायरेथ्रॉइड गटातली औषधे हंगामाच्या सुरुवातीला टाळावीत, कारण त्यांनी मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उसळते.