स्वयंचलित रक्तसंवर्धन प्रणाली

रुग्णाचे रक्त मिसळलेली पोषक द्रवमाध्यमाची बाटली उबेत हलवत ठेवून तिच्यात जिवाणू किंवा यीस्टसारख्या बुरशीची वाढ होते का, यावर अहोरात्र नजर ठेवणाऱ्या यंत्रणेस स्वयंचलित रक्तसंवर्धन प्रणाली म्हणतात. पूर्वी तंत्रज्ञ बाटल्या उजेडासमोर धरून गढूळपणा शोधत आणि ठरावीक दिवसांनी त्यांतील थेंब आगर या जेलीसारख्या पोषक माध्यमाच्या थाळीवर पसरवून पाहत. १९७०च्या दशकात आलेल्या बॅक्टेक यंत्रांनी किरणोत्सारी कार्बन वापरून जंतूंनी सोडलेला वायू मोजण्यास सुरुवात केली. पुढे प्रकाशीय संवेदकांमुळे बाटलीत सुई घालून वायू काढण्याची गरजच उरली नाही.

यंत्राला जंतू दिसत नाहीत, त्यांचा श्वास तेवढा कळतो. वाढणारे जंतू कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो बाटलीच्या तळाशी असलेल्या पडद्यातून झिरपून संवेदकात उतरतो आणि तेथील आम्लता वाढते. बॅक्टअलर्ट या दुसऱ्या यंत्रणेच्या बाटलीत निळसर-हिरवा तळ त्यामुळे पिवळा पडतो, तर बॅक्टेकच्या नव्या यंत्रांत प्रतिदीप्ती (प्रकाश पडल्यावर संवेदकाने परत सोडलेली चमक) बदलते. सुमारे ३५ ते ३७ अंश सेल्सिअस तापमानात दर १० मिनिटांच्या आसपास नोंद घेतली जाते आणि वायूची पातळी, तसेच ती चढण्याचा वेग पाहून यंत्र बाटली ‘पॉझिटिव्ह’ ठरवते. सहसा पाच दिवसांत काही न वाढल्यास ती ‘निगेटिव्ह’ धरतात.

तथापि निदानाचे यशापयश बरेचसे रुग्णाच्या खाटेपाशीच ठरते. प्रौढाच्या एक मिलिलिटर रक्तात अनेकदा एकही जिवंत जिवाणू सापडत नाही. म्हणून प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त घालावे आणि दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून, शक्यतो प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी, नमुने घ्यावेत, असा दंडक आहे. प्रत्येक संचात एक ऑक्सिजनयुक्त आणि एक ऑक्सिजनविरहित बाटली असते. फुलपाखरू सुईने (पंखांसारखी पकड व लवचीक नळी असलेल्या सुईने) रक्त घेताना ऑक्सिजनयुक्त बाटली आधी भरतात, कारण नळीतील हवा दुसरीत शिरता कामा नये. औषध आधीच सुरू झालेले असल्यास काही बाटल्यांतील रेझिनचे मणी ते शोषून घेतात. भरलेली बाटली मात्र कधीही फ्रिजमध्ये ठेवू नये.

बाटली पॉझिटिव्ह ठरून यंत्राची घंटा वाजली म्हणजे संसर्ग सिद्ध झाला, असे नाही. त्या बाटलीतून ग्रॅम रंजनासाठी (जिवाणूंना रंग देऊन त्यांचा गट ओळखण्यासाठी) काचपट्टी करून तिचा निष्कर्ष उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ताबडतोब फोनवर कळवतात. जंतूची ओळख व औषधसंवेदनशीलता, म्हणजे त्यावर कोणते औषध चालेल याचा निष्कर्ष, त्यानंतर येते. पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या असल्यास त्यांच्याच वायूने यंत्र फसू शकते. त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस जिवाणू दोन संचांच्या चारपैकी एकाच बाटलीत वाढले, तर ते बहुधा सुईबरोबर आत गेलेले असतात. उलट, एकाच वेळी घेतलेल्या नमुन्यांपैकी मध्यवर्ती शिरेतील नळीतून काढलेले रक्त हातातील रक्तापेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह आले, तर संसर्गाचे मूळ त्या नळीत असल्याचा संशय बळावतो.