सतत डिप्लॉयमेंटमधील गुणवत्ता पडताळणी

सॉफ्टवेअरमधला बदल स्वयंचलित तपासण्यांमधून पार पडला की थेट वापरकर्त्यांपर्यंत पोहोचवण्याच्या पद्धतीला सतत डिप्लॉयमेंट म्हणतात. सतत डिलिव्हरी या जवळच्या पद्धतीत शेवटचे बटण माणूस दाबतो. इथे तेही नसते. म्हणून चुकीचा बदल कुठे अडेल आणि सुटलाच तर किती लोकांपर्यंत जाईल, हे आधीच ठरवावे लागते. २००९ मध्ये फ्लिकर या फोटो शेअर करण्याच्या संकेतस्थळाच्या जॉन ऑल्सपॉ आणि पॉल हॅमंड यांनी दिवसाला दहाहून अधिक डिप्लॉयमेंट होतात असे एका परिषदेत सांगितले, तेव्हापासून ही पद्धत विशेष चर्चेत आली.

कोड कमिट झाला, म्हणजे सामायिक साठ्यात नोंदवला गेला, की युनिट टेस्ट (कोडच्या छोट्या भागांच्या तपासण्या) चालतात, मग बिल्ड, म्हणजे चालवता येणारी आवृत्ती, तयार होते. तीच बिल्ड पुढे इंटिग्रेशन टेस्ट (भाग एकत्र जोडून केलेली तपासणी), स्टेजिंग (प्रत्यक्षासारखी चाचणीची यंत्रणा) आणि प्रॉडक्शनपर्यंत (वापरकर्त्यांची प्रत्यक्ष यंत्रणा) न्यायची असते; नाहीतर तपासले एक आणि चढवले दुसरेच, असे होते. कधी पास तर कधी फेल होणाऱ्या टेस्ट वेळीच दुरुस्त करायला हव्यात. ‘पुन्हा चालवून बघू’ ही सवय लागली की खरा दोषही त्याच वाटेने निसटतो.

प्रॉडक्शनमध्येही पडताळणी थांबत नाही. बदल आधी मोजक्या सर्व्हरवर जातो. त्याला कॅनरी रिलीज म्हणतात. तिथले एररचे प्रमाण आणि प्रतिसादाचा वेळ जुन्या आवृत्तीशी ताडून पाहतात आणि बिघाड दिसला तर रोलबॅक करतात, म्हणजे जुन्या आवृत्तीवर परततात.

मात्र रोलबॅकही तपासलेला हवा. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी ब्रोकर कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढलाच नव्हता. नव्या कोडसाठी जुनाच फ्लॅग (फंक्शन चालू करणारी खूण) वापरल्यामुळे त्या सर्व्हरवर बंद पडलेले जुने फंक्शन जागे झाले आणि अनावश्यक ऑर्डर सुटू लागल्या. गोंधळात उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा कोड काढला गेला, तेव्हा तिथेही तेच जुने फंक्शन चालू झाले. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक फटका बसला. चढवलेला कोड दुसऱ्या कोणी पाहावा असा लेखी नियमच तिथे नव्हता, असे अमेरिकी शेअर बाजार नियामकाने नोंदवले. माझ्या मते या विषयातला सर्वांत शिकवणारा प्रसंग हाच.

कॉन्फिगरेशन (सॉफ्टवेअरच्या सेटिंग) आणि डेटा फाइलनाही कोडइतकीच कडक तपासणी लागते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष कंटेंट फाइलमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. फाइल तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्येच दोष होता, शिवाय अपडेट टप्प्याटप्प्याने गेले नव्हते. कंपनीने ते ७८ मिनिटांत मागे घेतले, पण बंद पडलेल्या कित्येक यंत्रांना हाताने दुरुस्त करावे लागले. त्यानंतर अशा फाइलही टप्प्याटप्प्याने पाठवण्याची व्यवस्था कंपनीने आणली.