मिनेसोटाच्या मापात यवतमाळचा माणूस

खुनाच्या खटल्यात वकील ‘आरोपी डोक्यानं बरा नव्हता’ म्हणतो, तेव्हा कायदा एकच विचारतो. हातून कृत्य घडलं त्या क्षणी आपण काय करतोय, ते चूक आहे, हे त्याला कळत होतं का? हा प्रश्न इंग्लंडातून आलेला. १८४३ साली मॅक्नॉटननं पंतप्रधान पील यांच्या सचिवाला गोळी घातली. वेडसर ठरून तो सुटला, गदारोळ झाला आणि न्यायाधीशांनी निकष घालून दिले. त्याच वळणाचं कलम ८४ आपल्या १८६०च्या दंडसंहितेत आलं. जुलै २०२४पासून ते न्याय संहितेचं कलम २२ झालं आहे.

माणसाचं मन, स्वभाव मोजणाऱ्या व्यक्तिमत्त्व चाचण्या तेव्हा जन्मालाही आल्या नव्हत्या. डागात काय दिसतं ते विचारणारे रोर्शाकचे शाईच्या डागांचे दहा पत्ते १९२१चे. एमएमपीआय (मिनेसोटा मल्टिफेजिक पर्सनॅलिटी इन्व्हेंटरी) ही ‘हो-नाही’ म्हणायच्या विधानांची प्रश्नावली हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी मिनेसोटा विद्यापीठात केली, ती १९४३ साली छापली गेली. केली होती दवाखान्यातल्या निदानासाठी. पण स्वतःला धुतल्या तांदळासारखा दाखवणारा आणि वेडाचं सोंग घेणारा, दोघांवरही नजर ठेवणाऱ्या मोजपट्ट्या तिच्यात होत्या. कोर्टाला आणखी काय हवं!

‘नॉर्मल’ कोण, हे ठरवायला हॅथवे-मॅकिन्लींनी मुख्यतः रुग्णांना भेटायला आलेल्या नातलगांकडून ती भरून घेतली. बहुतेक गोरे, खेड्यातले नाहीतर लहान गावातले, शिक्षण साधारण आठवीपर्यंत. नागपूरच्या मेडिकलच्या व्हरांड्यात डबा घेऊन बसलेली माणसं असतात, तशीच म्हणा ना. फक्त पीक वेगळं, देव वेगळा. १९८९च्या आवृत्तीत नमुना अमेरिकाभरातून घेतला, विधानं ५६७ झाली.

त्यातलं एक विधान साधारण असं, की अधूनमधून दुष्ट शक्ती मला झपाटते. ‘हो’ म्हटलं की गुण सहसा कुणी न देणाऱ्या उत्तरांच्या पट्टीत जातो. पट्टी फार चढली, तर सोंगाचा संशय येतो. मराठी भाषांतरात इथं ‘भूत’ लिहायचं की ‘अंगात येणं’? यवतमाळकडच्या एखाद्या बाईला दुसरं विचारलं, तर ती सहज सांगेल, “येते न, दर पुनवेले.” आणि शेजारीण नारळ घेऊन उभी असेल.

नकारार्थी विधानांचा घोळ निराळाच. ‘मला राग येत नाही’ यावर ‘नाही’ म्हटलं, तर राग येत नाही, की विधानच खोटं? मेळघाटातल्या कोरकू, भामरागडच्या माडिया माणसाला तर मराठीच परकी.

शिवाय चाचणी सांगते आजच्या माणसाबद्दल. कलम २२ विचारतं तेव्हाच्या क्षणाबद्दल. माझ्या मते तिची खरी जागा शिक्षेच्या टप्प्यावर आहे. २०२२मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं फाशीच्या प्रकरणांत आरोपीचं मानसिक मूल्यमापन मागवायला सांगितलं. तिथं माणूस अख्खा बघायचा असतो, घरदार, शाळा, मारझोड धरून. जाणता मानसशास्त्रज्ञ म्हणूनच आधी घरच्यांशी बोलतो आणि त्या बाईलाही विचारतो, “अंगात आल्यावर काय होते, मावशी?”