माळ्यावर ग्लासवूल टाकण्याआधी वायरी बघा

मार्च संपता संपता पंखा गरम वारा फेकायला लागला, की पत्र्याच्या घरात पोटमाळ्याची आठवण होते. वागळे इस्टेट असो, कळवा असो की घणसोलीचं गावठाण, उपाय एकच: पत्र्याखाली ग्लासवूल नाहीतर थर्मोकोल आणि त्याखाली फॉल्स सीलिंग. उपाय बरोबरच आहे. तापलेला पत्रा खाली अवरक्त किरण सोडत राहतो आणि तंतूंत अडकलेली हवा ती उष्णता फार सावकाश पुढे जाऊ देते. पण हा थर उष्णतेला दोन्ही बाजूंनी अडवतो, आणि त्याचा विचार मिस्त्री सहसा करत नाही.

वीज वाहताना तांब्याची तार तापतेच. ती उष्णता आजूबाजूच्या हवेत जाते म्हणून वायर टिकते. साध्या पीव्हीसी वायरीची मर्यादा 70 अंश सेल्सिअस. भर उन्हात पत्र्याखालची हवा आधीच तापलेली, त्यात वायर ग्लासवूलमध्ये पुरून टाकली तर तिची उष्णता जाणार कुठे? अर्धा मीटर किंवा त्याहून जास्त लांबी अशी पूर्ण वेढलेली असेल, तर ब्रिटिश वायरिंग नियम त्या वायरीची क्षमता थेट निम्मी धरतात. गीझरची किंवा एसीची जी लाइन कालपर्यंत निर्धास्त चालत होती, तीच आता आतून भाजायला लागते. एमसीबीही पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो.

थर्मोकोलची भानगड वेगळी. पीव्हीसीला मऊ ठेवणारं रसायन थर्मोकोलला चिकटून राहिल्यास हळूहळू त्यात उतरतं, आवरण कडक होतं आणि तडकतं. शिवाय आग लागली तर थर्मोकोल वितळून ठिबकतो आणि काळा धूर सोडतो. म्हणून वायरी थराबाहेर, पाइपातून न्याव्यात. टेप गुंडाळलेले जुने जोड आधी डबीत घ्यावेत.

चकचकीत फॉइल लावणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाची गोष्ट ऐकावी. 2009-10 मध्ये तिथल्या सरकारी योजनेत घरोघरी माळ्यांवर उष्णतारोधक थर टाकताना चार तरुण कामगार दगावले. तिघे विजेच्या धक्क्याने, एक उष्माघाताने. ॲल्युमिनियम वीज वाहतं; एक खिळा वायरीतून आरपार गेला की अख्खं फॉइल जिवंत होतं. फेब्रुवारी 2010 मध्ये त्या योजनेत फॉइल लावणं थांबवलं. तेव्हा आधी मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टरही बंद करा, तो बहुतेक जण विसरतात. चाळीत माळ्यावरून शेजाऱ्याची लाइन गेलेली असते, तीही टेस्टर लावून बघा. घरात 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, नसेल, तर तो खर्च फॉल्स सीलिंगच्या आधी करा.

त्या चारांतला एक मृत्यू उष्णतेचा होता, हे ठाणेकरांनी विशेष लक्षात ठेवावं. घाम वाळला तरच अंग गार होतं, आणि खाडीकाठच्या दमट हवेत तो वाळतच नाही. काम पहाटे करा, खाली कुणीतरी हाक देणारं असू द्या. माळ्यावरचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर पाणी पाजत न बसता आधी त्याला खाली उतरवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा.

ग्लासवूलने अंग खाजतं. पूर्ण बाह्या, हातमोजे, चष्मा आणि एन-95 मास्क पुरे. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत मात्र ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याच्या धुळीतून होणारा कर्करोग काही दशकांनी डोकं वर काढतो. अशा पत्र्याला ड्रिल लावायचं नाही, तो घासायचाही नाही. फॉल्स सीलिंगची फ्रेम भिंतींवर टेकवून घ्या. वर चढून अशा पत्र्यावर पाय तर अजिबात देऊ नका. दिसायला भक्कम असला, तरी तो माणसाच्या वजनाने एका क्षणात फुटतो.